ओरेगन स्टेटला यावं का? लीग मोडल्याबद्दल तुझ्या प्रश्नाला उत्तर

तुझा निरोप काल रात्री वाचला. लगेच दोन ओळीत उत्तर देता आलं असतं, पण तू चार महिन्यांत घर सोडून निघणार आहेस, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझा आत्येभाऊ म्हणतो की ओरेगन स्टेटला कुठल्याच मोठ्या लीगने घेतलं नाही, म्हणजे विद्यापीठाची पत गेली. त्यापेक्षा ॲरिझोना स्टेटची ॲडमिशन घे, ते बिग 12 नावाच्या मोठ्या लीगमध्ये गेलंय. आणि तू विचारतेस, ‘मावशी, मला संख्याशास्त्र शिकायचंय, फुटबॉलच्या लीगशी माझा काय संबंध?’ तो साफ चुकतोय. तूही थोडी चुकतेयस.

इथे ‘कॉन्फरन्स’ म्हणजे परिषद नव्हे. एकमेकांशी दरवर्षी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा तो गट असतो, आणि टीव्हीचे हक्क हा गट मिळून विकतो. आपल्याकडे घराघरांत ज्या आयव्ही लीगचं नाव घेतात, तीही 1954 साली ठरलेली आठ विद्यापीठांची खेळाचीच लीग आहे. विद्यापीठं जुनी आणि नामवंत होती, म्हणून लीगच्या नावाला वजन आलं. लीगमुळे विद्यापीठ मोठं झालं, असं झालेलं नाही.

आता ओरेगन स्टेटच्या लीगचं, म्हणजे पॅक-12 चं, काय झालं ते सांगते. मूळ लीग 1915 ची आणि ओरेगन स्टेट तिच्या पहिल्या चार सदस्यांपैकी एक. जून 2022 मध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेन या दुसऱ्या मोठ्या लीगला जाणार असं जाहीर झालं. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे लीगमधलं टीव्ही प्रेक्षकांचं सगळ्यात मोठं शहर गेलं. बिग टेनने त्याच उन्हाळ्यात फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, अब्जावधी डॉलरचा करार केला. पॅक-12 च्या हाती शेवटी ॲपलचा प्रस्ताव उरला. त्यात किती लोक वर्गणी भरतील त्यावर पैसे ठरणार होते. 4 ऑगस्ट 2023, शुक्रवार. एका दिवसात ओरेगन (हे ओरेगन स्टेटहून वेगळं विद्यापीठ) आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 ला. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली ॲटलांटिक कोस्ट नावाच्या लीगमध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं! उरली दोनच: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी किराणा घ्यायला गेले होते. काउंटरवरचे आजोबा नेहमी ओरेगन स्टेटच्या रंगाची नारिंगी टोपी घालतात. त्या दिवशी टोपी डोक्यावर नव्हती, गल्ल्याशेजारी उलटी ठेवलेली होती. माझी पिशवी भरता भरता ते म्हणाले, आम्ही मागच्याच वर्षी दहा सामने जिंकलो होतो. ते खरंच होतं. 2022 चा फुटबॉल हंगाम 10 विजय, 3 पराभव असा होता. मैदानाच्या पश्चिमेकडची बाजू पाडून नवी बांधत होते, ती महिन्याभरात उघडायची होती. मला वाईट वाटलं ते याचंच. तू नागपूरची आहेस, विदर्भाने 2017-18 ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिली रणजी जिंकली तेव्हाची रात्र तुला आठवत असेल. आपण वर्षानुवर्षं हरत होतो, तरी रणजीतून आपल्याला कुणी काढून टाकलं नव्हतं, म्हणून गुरबानीची ती हॅटट्रिक बघायला आपण तिथे होतो. इथे जिंकूनही जागा टिकत नाही. आमच्या कॉर्व्हॅलिस गावाची वस्ती साठ हजारांच्या आसपास, एवढ्या गावासाठी टीव्हीवाले किती मोजणार, यावर सगळं ठरलं.

म्हणून आत्येभावाला सांग, त्या शुक्रवारी इथल्या एकाही प्रयोगशाळेला कुलूप लागलं नाही. वनशास्त्र आणि समुद्रविज्ञानासाठी लोक अजूनही जगभरातून इथे येतात. तुझ्या विभागात कोण शिकवतं, असिस्टंटशिप मिळते का, ट्यूशन माफ होते का, यावर निवड कर. ॲरिझोना स्टेटने असिस्टंटशिप दिली आणि इथून नाही मिळाली, तर बेलाशक तिकडे जा.

पण ‘माझा काय संबंध’ म्हणू नकोस. संबंध येतो. टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारी असिस्टंट, झालीस की वर्गात खेळाडू असतील. मी टीए होते तेव्हा सॉफ्टबॉल खेळणारी एक मुलगी सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रवासाचं पत्र घेऊन आली होती. कोणत्या तारखांना ती नसेल ते पत्रात लिहिलेलं असतं, आणि परीक्षा कधी घ्यायची ते आपण तिच्याशी बोलून ठरवायचं असतं. तेव्हा फार तर ॲरिझोनापर्यंत जायचं असे. आता शेजारच्या युजीनमधल्या ओरेगनच्या मुली लीगच्या सामन्यांसाठी न्यू जर्सीपर्यंत उडतात आणि सोमवारी सकाळी लेक्चरला बसतात. टीव्हीच्या पैशाचा हिशेब मांडताना या पोरींच्या झोपेचा विचार कुणीच केला नाही, याचा मला राग आहे.

आणि संबंध यासाठीही, की लीग मोडल्यानंतर या गावात जे झालं ते बघायला तू इथे असायला हवी होतीस. महिला बास्केटबॉल संघ मार्च 2024 मध्ये देशातल्या शेवटच्या आठांत होता. हंगाम संपला आणि बहुतेक मुख्य खेळाडू मोठ्या लीगच्या संघांत निघून गेल्या. उरलेल्या आणि नव्या मुलींना घेऊन संघ वेस्ट कोस्ट लीगमध्ये पाहुणा म्हणून खेळला. सुरुवातीला हरत राहिला आणि मार्च 2025 मध्ये लास वेगासला त्याच लीगची स्पर्धा जिंकला.

बेसबॉल संघाला तर तेवढाही आसरा नव्हता. 2025 मध्ये ते कुठल्याच लीगमध्ये नव्हते. हंगामाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या मैदानांवर गेला. मे अखेरीस इथल्या गॉस मैदानावर बाद फेरी आली आणि पहिलाच सामना सेंट मेरीजकडून हरले. आणखी एक हार म्हणजे स्पर्धेबाहेर. तिथून ओळीने चार जिंकले, आणि शेवटी हरवलं कुणाला? यूएससीला, जे पॅक-12 सोडून सगळ्यात आधी गेले होते त्यांना. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी बोटात रुतली. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटला हरवून संघ ओमाहाला, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठांत गेला. विजेतेपद नाही मिळालं. ते आधी तीनदा मिळालंय: 2006, 2007 आणि 2018. पावसाळी उत्तरेतला संघ बेसबॉलमध्ये काय करणार, असं 2006 पर्यंत म्हणत. 2018 ला अंतिम फेरीत आर्कान्सा विजेतेपदापासून एका बादवर होते. चेंडू उंच उडाला, त्यांचे तीन खेळाडू त्याखाली धावले आणि तो तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला. त्याच फलंदाजाने पुढे बरोबरी साधली, पुढच्याने होम रन मारला. दुसऱ्या दिवशी ओरेगन स्टेट 5-0 ने जिंकलं.

जुलै 2026 पासून पॅक-12 पुन्हा उभी राहतेय. बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोंझागा, आणि फ्रेझ्नो स्टेट. हे फ्रेझ्नो लक्षात ठेव. 2008 ला बेसबॉलच्या बाद फेरीत त्यांना आपल्या गटात चौथं, म्हणजे शेवटचं मानांकन होतं. हंगामात 31 सामने हरूनही ते जॉर्जियाला हरवून राष्ट्रीय विजेते झाले. शेवटच्या सामन्यात दोन होम रन मारणाऱ्या डेटवायलरच्या अंगठ्याचा स्नायुबंध फाटलेला होता.

आता कामाचं. विद्यार्थी फीमध्ये खेळाचा वाटा असतो, फीचा तक्ता आधी नीट वाच. सत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. त्या महिन्यात घरच्या फुटबॉल सामन्याच्या शनिवारी येऊ नकोस, हॉटेल मिळणार नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. स्टेडियमवरचं काम त्यात बसतं की नाही, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस, व्हिसाचा प्रश्न आहे.

चांगला रेनकोट तिकडून आणू नकोस, इथे घेऊ. बेसबॉलचे घरचे सामने सुरू होतात तेव्हा पाऊस चालूच असतो, आणि माझ्या शेजारची खुर्ची त्या दिवसांत बहुतेक रिकामी असते.