‘आक्रमण’, ‘कारवाई’ की ‘हस्तक्षेप’? आणि मग ‘निषेध’ की ‘निंदा’?

ठाण्यात होणाऱ्या एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या आयोजक प्राध्यापिकांचा प्रश्न आहे. त्यांनी विषय असा लिहिला होता: ‘बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्या देशात सैन्य घुसवल्यास भारताने त्याचा निषेध करावा.’ समितीतल्या एकांनी ‘घुसवल्यास’वर बोट ठेवले, दुसऱ्यांनी ‘निषेध’वर. ‘आक्रमण’, ‘हस्तक्षेप’, ‘कारवाई’ यांतला कोणता शब्द विषयात बसेल, आणि इंग्रजीतल्या ‘कंडेम’ व त्याहून सौम्य ‘डिप्लोर’ यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही हरकती बरोबर आहेत. विषयात ‘सैन्य पाठवल्यास’ एवढेच लिहा. ‘घुसवणे’ म्हटले की सैन्य अन्यायाने गेले हे ठरूनच गेले. मग विरोधी बाजूच्या मुलांनी बोलायचे काय? ‘पाठवणे’ सैन्याबद्दलही चालते आणि मदतीबद्दलही, म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखे सोयीचे. ‘आक्रमण’ हा शब्द प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्याने आपल्या मांडणीतून मिळवावा, आयोजकांनी तो आयता देऊ नये.

आता एकेक शब्द. आधी विभक्तीकडे पाहा, कारण मराठीत अर्धा निवाडा तिथेच होतो. आक्रमण, हल्ला, चढाई, स्वारी हे सगळे कोणा‘वर’ होतात. हस्तक्षेप, ढवळाढवळ, घुसखोरी कशा‘त’ होतात. मदत कोणा‘ला’ होते. ‘युक्रेनवर’, ‘युक्रेनमध्ये’, ‘युक्रेनला’ या तीन प्रत्ययांनीच वक्त्याची बाजू कळते. याहून लबाड वाक्ये म्हणजे ‘युद्ध पेटले’, ‘संघर्ष भडकला’. त्यांत कर्ताच नाही. वणवा लागावा तसे युद्ध आपोआप लागलेले. परीक्षकांनी ‘कोणी?’ एवढाच प्रतिप्रश्न केला तरी पुरतो.

‘हल्ला’ एका घटनेचा शब्द आहे. विमानातून बॉम्ब टाकून विमान परत गेले तरी तो हल्लाच. ‘चढाई’त सैन्य पुढे सरकलेले असते. ‘आक्रमण’ या दोघांहून मोठे: त्यात दुसऱ्याचा प्रदेश दाबण्याचा हेतू मराठी माणूस गृहीत धरतो. ‘घुसखोरी’ म्हणजे कबूल न करता, चोरवाटेने येणे. १९९९च्या कारगिलसाठी तो शब्द चपखल होता. उघडपणे रणगाडे घेऊन आलेल्या सैन्याला घुसखोर म्हणणे मात्र चूक. ‘अतिक्रमण’ तर इथे नकोच. तो शब्द आता पदपथावरच्या टपऱ्यांना आणि महापालिकेच्या पथकांना इतका चिकटला आहे की ‘रशियाचे अतिक्रमण’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जेसीबी उभा राहतो.

‘कारवाई’ हा या गटातला सर्वांत फसवा शब्द. वरवर तो तटस्थ वाटतो. पण मराठीत कारवाई कोणावर होते? विनातिकीट प्रवाशावर, बेकायदा बांधकामावर, लाचखोर कारकुनावर. म्हणजे ज्याच्यावर होते त्याने आधी काहीतरी केलेले असते, आणि जो करतो त्याला तसा अधिकार असतो. ‘अमेरिकेची इराकवर कारवाई’ हे शीर्षक म्हणूनच बातमी देता देता निकालही देते. २०२२मध्ये रशियाने युक्रेनमधल्या युद्धाला ‘विशेष लष्करी कारवाई’ किंवा ‘मोहीम’ असे म्हणवून घेतले, ते याच सोयीसाठी. मुलांनी हे शब्द वापरले तर ‘रशियाच्या म्हणण्यानुसार’ हे सोबत जोडायला शिकवा.

‘मोहीम’ नेहमी निघणाऱ्याच्या बाजूने बोलते. आपण ‘वसईची मोहीम’ म्हणतो. मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७३९मध्ये वसई पडली. ठाण्याच्या किल्ल्यातल्या, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागेतल्या, पोर्तुगीज शिबंदीने त्याला मोहीम म्हटले नसते. ठाण्यातल्या स्पर्धेसाठी हे उदाहरण हाताशी ठेवा. मुले ते लगेच पकडतील, आणि शब्द बाजूप्रमाणे कसा बदलतो हे परदेशी उदाहरणाशिवाय समजेल.

‘हस्तक्षेप’ आणि ‘ढवळाढवळ’ यांत अधिकाराचा फरक आहे. न्यायालयाने हस्तक्षेप केला असे आपण म्हणतो, न्यायालयाने ढवळाढवळ केली असे म्हणणारा चिडलेला असतो. १९५४च्या भारत-चीन पंचशील करारातल्या तिसऱ्या, म्हणजे एकमेकांच्या अंतर्गत कारभाराबद्दलच्या, तत्त्वासाठी मराठीत दोन्ही शब्द वापरलेले दिसतात. तिथे ‘हस्तक्षेप न करणे’ योग्य, कारण करार अधिकृत हस्तक्षेपही नाकारतो.

खरा गुंता बोलावून आलेल्या सैन्याचा आहे, आणि वादविवाद रंगतो तो इथेच. यासाठी मराठीकडे इतिहासाने दिलेला शब्द आहे: ‘तैनाती फौज’. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे किमान सहा हजार सैन्य कायमचे पदरी घेतले आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. कागदोपत्री ते आमंत्रण होते. १८१८मध्ये पेशवाईच उरली नाही. त्याआधी मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने इंग्रजांची मदत मागितली, पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्येच, म्हणजे तहाच्या आधीच, घेतला होता. ‘आम्हांला बोलावले होते’ असे कोणी म्हणाले की कोणी बोलावले, त्याला तसा अधिकार होता का, आणि पत्राची तारीख सैन्याच्या आधीची की नंतरची, हे तीन प्रश्न विचारायचे. १९७९च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले तेव्हाही आमंत्रणाचाच दाखला दिला गेला, आणि ज्या सरकारच्या नावे तो दिला त्याचे प्रमुख हफिजुल्ला अमीन त्याच कारवाईत मारले गेले. (इथे ‘कारवाई’ मीही लिहून गेलो, सवय इतकी आहे.)

विरोधी बाजूला भारताचीही उदाहरणे लागतील. १९८७ ते १९९० श्रीलंकेत भारताची ‘शांतिसेना’ होती, दोन सरकारांमधल्या करारानुसार. नोव्हेंबर १९८८मध्ये मालदीवच्या अध्यक्षांच्या विनंतीवरून भारतीय सैनिक गेले आणि उठाव मोडला. ही उदाहरणे ज्याला माहीत नाहीत तो ‘परदेशी सैन्य म्हणजे आक्रमण’ असे ठोकून देतो आणि दुसऱ्याच मिनिटाला अडकतो.

कायद्यातले ‘आक्रमण’ आपल्या बोलण्यातल्यापेक्षा वेगळे मोजले जाते, तेही मुलांना द्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाचा वापर आणि त्याची धमकी दोन्ही मना करते. कलम ५१ स्वसंरक्षणाची मुभा देते. आमसभेने १४ डिसेंबर १९७४ रोजी ठराव ३३१४ने आक्रमणाची व्याख्या केली. तिच्यात बॉम्बफेक आणि बंदरांची नाकेबंदीसुद्धा येते, सीमा ओलांडलीच पाहिजे असे नाही. करारानुसार आलेले सैन्य कराराबाहेर वागले किंवा मुदत संपूनही राहिले, तर तेही तिच्यात बसते.

आता ‘निषेध’. संस्कृतात आणि हिंदीत याचा अर्थ मनाई. विधिनिषेध, निषिद्ध, हिंदी पाटीवरचे ‘प्रवेश निषेध’ आठवा. मराठीने तो विरोध जाहीर करण्यासाठी घेतला आणि त्याच्याकडून दोन कामे करून घेतली. निषेध मोर्चा, निषेध खलिता यांत तो नुसता विरोध नोंदवतो. ‘हत्येचा तीव्र निषेध’ यात तो दोषी ठरवतो. ‘निंदा’ मराठीत राजनैतिक शब्द नाही. आपल्याकडे निंदा पाठीमागे होते, नालस्तीच्या जोडीने. ‘भारताने हल्ल्याची निंदा केली’ हे हिंदीतून उचललेले मराठी आहे, टाळावे. हिंदीत तरी ‘कड़ी निंदा’ची आता थट्टाच होते.

तरी त्या हिंदी शब्दाने एकदा संसदेची अडचण सोडवली. मार्च २००३मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर आक्रमण केले. एप्रिलमध्ये लोकसभेत ठराव आणायचा होता. विरोधकांना ‘कंडेम’ हवे होते, सरकारला ‘डिप्लोर’. तोडगा निघाला ‘निंदा’ या शब्दावर: हिंदी ठरावात ‘निंदा’, इंग्रजीत ‘डिप्लोर’, आणि हिंदीत ‘निंदा’ दोन्हींसाठी चालत असल्याने दोन्ही बाजू समाधानी. ठराव एकमताने झाला. सभापतींच्या आसनावर तेव्हा मनोहर जोशी होते. हाच ठराव मराठीत लिहायचा असता तर ही पळवाट मिळाली नसती, कारण ‘निषेध’ सरकारला जड गेला असता आणि ‘खेद’ विरोधकांना हलका.

म्हणून माझी शिफारस अशी: ‘कंडेम’साठी ‘तीव्र निषेध’ किंवा ‘धिक्कार’, नुसत्या विरोधासाठी ‘निषेध’, ‘डिप्लोर’साठी ‘तीव्र नापसंती’. ‘खेद’ आणखी खाली, कारण खेदात कोणाचा दोष लागत नाही. ‘चिंता’ सर्वांत खाली. ‘धिक्कार’ घोषणेत शोभतो, ठरावात फार चढा वाटतो. अगदी लागला तरच वापरा.

या पायऱ्या काल्पनिक नाहीत, त्यांवर मते फिरतात. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत संघ आणि त्याच्या वॉर्सा करार या लष्करी गटातले काही देश चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत त्याविरुद्धच्या ठरावावर १० विरुद्ध २ मते पडली आणि भारतासह तिघे तटस्थ राहिले. भारताची अडचण ‘कंडेम’ या शब्दाशी होती. देशात त्यावर गदारोळ झाला, अशोक मेहता मंत्रिमंडळातून बाहेर पडले. युक्रेनवरून सुरक्षा परिषदेत आलेल्या २५ फेब्रुवारी २०२२च्या मसुद्यातही ‘कंडेम’ काढून ‘डिप्लोर’ घातले होते. तरी रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला: बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३, त्यांत भारत.

‘तटस्थ’बद्दल मुले नेहमी गल्लत करतात. मतदानात तटस्थ राहणे, युद्धात तटस्थ राष्ट्र असणे आणि अलिप्ततावाद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारत अलिप्त चळवळीत आहे म्हणून तो स्वित्झर्लंडसारखा तटस्थ देश ठरत नाही. मतदानातही तटस्थपणाचे वजन जागेप्रमाणे बदलते. सुरक्षा परिषदेत १५पैकी ९ होकार लागतात, म्हणजे तटस्थ मताने होकार एकाने कमीच होतो. आमसभेत महत्त्वाच्या ठरावाला दोन तृतीयांश लागतात, पण ते फक्त होय-नाही म्हणणाऱ्यांतून मोजतात. युक्रेनबद्दलच्या ठरावावर २ मार्च २०२२ला १४१ होकार, ५ नकार आणि ३५ तटस्थ होते. हिशेब १४६वर झाला, ३५ जण हिशेबातच नव्हते. ‘भारताच्या तटस्थपणामुळे ठराव अडला’ असे आमसभेबद्दल बोलणाऱ्याचे गुण कापायला हरकत नाही.

‘निर्बंध’ आणि ‘बहिष्कार’ यांतला फरक सोपा आहे: निर्बंध सरकारे किंवा संयुक्त राष्ट्रे लादतात, बहिष्कार बहुधा लोक घालतात. शेवटचा शब्द ‘माघार’. ‘सैन्य मागे घेतले’ हा निर्णय, ‘माघार घेतली’ हा पराभव. ऑगस्ट २०२१मध्ये अफगाणिस्तानातून निघालेल्या अमेरिकी सैन्याबद्दल दोन्ही छापले गेले. बोलणारा कोणत्या बाजूचा आहे ते तिथेही ऐकू येते.

विषय असा करावा: ‘या सभागृहाच्या मते, बलाढ्य राष्ट्राने संयुक्त राष्ट्रांच्या संमतीशिवाय परदेशात सैन्य पाठवल्यास भारताने मतदानात तटस्थ राहू नये.’ यात ‘निषेध’चा घोळ टळतो. ‘संमतीशिवाय’ घातल्याने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची उदाहरणे काढत बसणारे वक्ते विषयावर राहतात, आणि यजमान देशाच्या आमंत्रणाचा मुद्दा मात्र विरोधी बाजूसाठी खुला राहतो. बाजूने बोलणाऱ्यांना १९६८ आणि २०२२ची स्पष्टीकरणे द्यावी लागतील. विरोधात बोलणाऱ्यांना शस्त्रपुरवठा, इंधन आणि युद्धक्षेत्रात अडकलेले भारतीय विद्यार्थी यांचा आधार घेता येईल. नियमपत्रकात एक ओळ जरूर घाला: देश तटस्थ राहू शकतो, स्पर्धक नाही.