उत्तर: गल्लीच्या ग्रुपला कुलूप लावू का?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आपल्या कोल्हापूरच्या नागाळा पार्कातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, 312 माणसं. त्यातली दोघं रोज रात्री अकरानंतर एकमेकांवर घसरतात, सकाळी गुलाबाच्या फोटोंचा सडा, आणि मधेच कुणी 'घंटागाडी आली काय' विचारलं की त्याचं उत्तर चाळीस मेसेजांखाली गाडलं जातं. म्हणून तुम्ही 'फक्त अ‍ॅडमिन' लावणार, म्हणजे ग्रुपला कुलूप, बाकी कुणाला लिहिता येणार नाही. ज्याला काही सांगायचंय त्यानं तुम्हाला वैयक्तिक पाठवायचं, तुम्ही बघून योग्य ते पुढं टाकणार. हे सगळं मी केलंय. अगदी ह्याच क्रमानं, 2019 साली.

सेटिंग कुठं असतं, अ‍ॅडमिन किती ठेवायचे, हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. मी वकील नाही, कॉम्प्युटरवालाही नाही. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला घर, एवढीच माझी पात्रता. आमच्या गल्लीत जे झालं ते सांगतो, तुमच्याकडं तसंच होईल असं नाही.

आमचा ग्रुप तेव्हा 241 जणांचा. त्या वेळी 256 च्या वर माणसं बसतच नव्हती. आता 1024 बसतात, म्हणजे दुखणं तेवढं मोठं. भांडणाचं निमित्त फुटबॉल, कोल्हापुरात दुसरं काय असणार? शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच, एक पेनल्टी, आणि रात्री ग्रुपवर एकमेकांच्या पणज्यापर्यंत पोचले. त्यात लोकसभेची निवडणूक तोंडावर. अशात दुकानात एकानं सांगितलं, 'सदस्यानं कायबी टाकलं तरी पैला अ‍ॅडमिनला उचलत्यात, मालक.' झालं, माझी झोप उडाली.

मग मी शहाणपणा केला आणि एका सरकारी कार्यालयात विचारायला गेलो. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथं कामं पडतात. पहिलं टेबल म्हणालं, हे आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या टेबलावरचे साहेब फिरतीवर. तिसऱ्यानं सांगितलं, 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून आणा की सदस्यांनी काहीही लिहिलं तरी मी जबाबदार नाही, आणि खाली सगळ्या सदस्यांची नावं घाला. मी खरंच टाईप करून घेतलं हो! 241 नावं, पाच पानं, नोटरी वेगळी. घेऊन गेलो तर तोच माणूस म्हणतो, 'हे इथं कशाला आणलं?' दुकान बंद ठेवून चार फेऱ्या. शेवटच्या फेरीला पानाची पिंक टाकून आल्यावर त्यानं फुकटचा सल्ला दिला, 'सरळ कुलूप लावा ग्रुपला. कशाला डोक्याला ताप!' आणि आयुष्यात एकदाच मी सरकारी सल्ला तिथल्या तिथं अमलात आणला.

(तुम्हालाही तीच भीती असेल म्हणून सांगतो. 2021 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं असं म्हटलं की सदस्यानं आक्षेपार्ह काही टाकलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या वेळी अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं नाहीतर काढणं एवढंच होतं. 2022 पासून दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. हातात खोडरबर आलं तर जबाबदारीही थोडी वाढते, असं मला आपलं वाटतं. खात्रीसाठी वकिलाला विचारा, मला नको.)

कुलूप लावल्यावर पहिले आठ दिवस स्वर्ग होता. नवव्या दिवशी कळलं की गल्लीत अजून दोन ग्रुप झालेत, एकेका तालमीचा एक. भांडणारे गेले ते गेलेच, त्यांच्यासोबत बोलणारेही गेले. गॅस कुठं मिळतोय, कुणाच्या पोराला रक्त पाहिजे, हे सांगणारी माणसं तीच असतात हो, जी पेनल्टीवरून आरडाओरडा करतात. माझ्याकडं 241 नावं उरली आणि आवाज एकाचाही नाही. मी मात्र खूश. काय शांत ग्रुप!

ऑगस्ट उजाडला. त्या पुराचं तुम्हाला काय सांगायचं, नागाळा पार्कानं कमी बघितलेला नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि पाणी 55 च्या वर गेलं. आमच्याकडं नदी समोरून येत नाही, जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि गटारातून वर येतं. त्या रात्री लाईट बंद केलेली. मी दुकानातली यंत्रं माळ्यावर चढवायला उद्यमनगरात गेलो होतो, फोन 11 टक्क्यांवर, म्हणून खिशात बंद करून ठेवलेला. पावणेएकला घरी पोचून चालू केला तर वैयक्तिक 63 मेसेज. लोक मी सांगितलं होतं तसंच करत होते. सगळं मला एकट्याला पाठवत होते.

त्यातला एक 9 वाजून 10 मिनिटांचा होता. गल्लीच्या टोकाच्या घरातला. 'पाणी पायरीला लागलंय. आईला उचलायला दोघं पाहिजेत.' बस, एवढाच. आई अंथरुणाला खिळलेली. त्या घरापासून चौथ्या दारात तालमीतली दोन पोरं, शंभर-शंभर किलोची, अंधारात मोबाईल बघत बसलेली. त्यांना हा मेसेज दिसला असता तर चहा थंड व्हायच्या आत काम झालं असतं. मी वाचला तेव्हा साडेतीन तास उलटले होते आणि त्या घरात गुडघाभर पाणी होतं. पोरानं आईला एकट्यानं पाठीवर घेतलं, जिन्यात पाय सटकला, खांदा निखळला. आई वाचली. बाकी सगळं निभावलं, पण त्या घरातून दिवाळीचा डबा यायचा तो बंद झाला. समोर आला की मान हलवतो, बोलत नाही. त्यानं तालमीच्या पोरांना हाक का मारली नाही, असं लोक मला बरं वाटावं म्हणून विचारतात. तो शिकलेला, सभ्य माणूस. मी 'ग्रुपवर गोंधळ नको' म्हटलं होतं, त्यानं गोंधळ केला नाही.

त्याच रात्री कुलूप काढलं. आणि इथं दुसरी गंमत. कुलूप काढलं म्हणजे सगळं सुधारलं असं अजिबात नाही. 241 माणसं एकदम बोलायला लागली. उपसा केंद्रं पुरात गेल्यामुळं नळ बंद, टँकरची वाट बघणं चालू. कुणीतरी विचारलं, 'पाणी आलं काय?' खाली 'आलं', 'आलंय की', 'अजून नाही', 'आमच्यात आलं', 'कुठवर?', 'टाकीपर्यंत'. निम्म्या बायका घागरी घेऊन रस्त्यावर, निम्म्या कपाट रिकामं करायला लागल्या. खरं तर विचारणारा तिसऱ्याच भानगडीत होता, त्याला पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो आला का ते पाहिजे होतं. आज हसतो आम्ही. त्या दिवशी एकमेकांच्या अंगावर धावून गेलो होतो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आमचं भांडण माणसांचं कमी आणि उत्तर कुठं लटकवायचं ह्याचं जास्त आहे. प्रश्नाचा मेसेज बोटानं उजवीकडं सरकवला की उत्तर त्याला चिकटून जातं. एवढी साधी गोष्ट, पण ती गल्लीला शिकवायला सहा महिने गेले. कुणी नुसतं 'हो' टाकलं की मी विचारायचो, 'कशाला हो?' पन्नास वेळा विचारलं. लोक चिडले, मला 'कशाला हो' असंच नाव पडलं, अजूनही पोरं त्याच नावानं हाक मारतात. पण 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, पातळी 2019 च्याही वर 56 फुटांवर गेली, तेव्हा ग्रुप उघडा होता आणि 'दोघं पाहिजेत' ह्या प्रश्नाला चिकटून 'निघालो', 'पोचलो', 'झालं' अशी तीन उत्तरं अर्ध्या तासात आली. झालं म्हटल्यावर बाकीच्यांनी तिकडं धावायचं कारणच उरलं नाही. मी त्या वेळी झोपलो होतो, हे विशेष.

आता पुसापुशीबद्दल. इथं माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घ्या. दरवर्षी पाऊस लागला की राधानगरीचा व्हिडिओ फिरतो, 'धरण सोडलं, पळा'. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित, तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक जातं. घाबरायचं का नाही हे किती दरवाजे आणि केव्हा उघडले त्यावर आहे, आणि व्हिडिओत 'केव्हा' कधीच नसतं. पूर्वी मी असं काही दिसलं की टाकणाऱ्याला झापायचो, मेसेज काढायला लावायचो. उपयोग शून्य. ज्या साठ जणांनी बघितला त्यांच्या डोक्यातून तो जात नाही, उलट 'अ‍ॅडमिन काहीतरी लपवायलाय' अशी बोंब होते. आता तो तसाच ठेवतो आणि त्याला चिकटवून लिहितो, 'हा मागल्या वर्षीचा. आत्ता दोन दरवाजे उघडे, सकाळी 8 ची माहिती.' पुढच्या वेळी तोच माणूस टाकायच्या आधी मला विचारतो. पुसलं असतं तर त्यानं दुसऱ्या ग्रुपवर टाकलं असतं.

जातीधर्मावरचं मात्र बघता क्षणी पुसायचं. तिथं चर्चा नाही, चिकटवाचिकटवी नाही. जून 2023 ला नुसत्या स्टेटसवरून ह्या शहरात कशी दंगल झाली आणि इंटरनेट बंद करायची वेळ आली, ते तुम्ही बघितलंय. तशा रात्री कुलूपही लावा, माझी हरकत नाही. पण लावताना लिहा, 'सकाळी 7 ला उघडतो', आणि 7 ला उघडा. सव्वासातला नाही.

तुमच्या त्या दोघांचं सांगतो. त्यांना काढू नका. कोल्हापुरात माणसाला ग्रुपमधून काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठवणं, तो तीन पिढ्या विसरत नाही. टेलिग्रामवर एक सोय आहे, एका माणसानं लागोपाठ मेसेज टाकायचे नाहीत, मधे काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत थांबायचं. भांडणाला वेग लागतो, वेग गेला की निम्मं भांडण जातं. मी ग्रुप तिकडं न्यायला बघितला, तर एकोणीस जण आले, त्यातले चार माझ्या घरातले. शेवटी हातानं तेच करतो. रात्री पेटलं की दोघांनाही फोन, 'सकाळी चहाला या, तिथं बोला.' समोरासमोर बसले की दोघंही लोणी. एक लक्षात ठेवा, चिकटवून उत्तर द्यायच्या सोयीचा तोटा पण आहे. कुणी सहा दिवसांपूर्वीचा मेसेज वर ओढून त्याला उत्तर चिकटवलं की शिळ्या कढीला ऊत येतो. आमच्यात नियम आहे, कालच्या भांडणाला आज उत्तर द्यायचं नाही. कामाच्या प्रश्नाला महिन्यानं दिलं तरी चालतं.

गुलाबाचे फोटो. तुम्हाला ह्याचाच जास्त वैताग दिसतोय. मलाही होता. कम्युनिटी करून वेगळे ग्रुप पाडता येतात, मी पाडले: एक कामाचा, एक गप्पांचा. गप्पांचा रोज गजबजलेला, कामाचा ओसाड. कुणी कामाचा ग्रुप उघडतच नाही, मग तिथं विचारलेलं वाचणार कोण? दोन महिन्यांनी परत एक केला. गुलाबवाल्या काकू पहाटे साडेपाचला उठतात, नळाला पाणी आलं की पहिल्यांदा त्यांनाच कळतं, आणि 2021 ला गटारातून पाणी वर येतंय हे सगळ्यात आधी त्यांनीच टाकलं, गुलाबाच्या बरोबर खाली. 'मी उठलो तर अंगणात पाणी, सगळ्यांनी बघा.' ग्रुप परत एक केल्यापासून मी गुलाबाला हात लावत नाही.

जाता जाता धंद्याचं एक, विषय निघालाय म्हणून. पुरात भिजलेली मोटर वरून सुकलेली दिसली म्हणून बटण दाबू नका. आत ओल असते. मेगर (आतलं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र) लावून बघितल्याशिवाय चालू केली तर वाइंडिंग जळतं आणि मग माझ्याकडं येता. 2019 नंतर दुकानासमोर मोटरींची रांग होती, त्यातल्या कितीतरी नुसत्या वाळवून वाचल्या असत्या.

आमचा पिन केलेला मेसेज देतो, पाहिजे तर उचला. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतं, नंतर परत करावं लागतं, ते मी दर एक तारखेला दुकानाच्या भाड्यासोबत करतो. मजकूर असा: 'उत्तर प्रश्नाला चिकटवूनच द्या. पाणी म्हटलं की कुठलं ते लिहा, नळाचं, टँकरचं का नदीचं. माणूस पाहिजे असेल तर अ‍ॅडमिनला विचारू नका, सरळ ग्रुपवर हाक मारा. आणि सकाळी गुलाब एकच.'

शेवटचं वाक्य काकूंनी घालायला लावलंय. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी टाकलेला त्यांना चालत नाही.