आधी वर्गात बस, मग बोलू

पोरी,

काल संध्याकाळी तू दुकानात आलीस, ते पुण्याच्या लिबरल आर्ट्स कॉलेजचं चकचकीत ब्रोशर मांडीवर घेऊन अर्धा तास बसलीस आणि जाताना म्हणालीस, "काका, मला कायच कळंना झालंय, शनिवारी तिथं जाऊन मी नक्की बघू काय?" समोर गिऱ्हाईक होतं म्हणून मी नुसतं "सांगतो" म्हणालो. पण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं म्हणून लिहायला बसलो. लांब होईल, पण सगळं वाच, वरवर नको.

ॲडमिशनचे पेढे काल खाल्ले, अभिनंदन झालं. तू हुशार आहेस हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या कॉलेजलाही कळलंय म्हणून तर त्यांनी पत्र पाठवलं. त्यात आता वेळ घालवत नाही.

तू विचारलंस काय बघू. एकच सांगतो. वर्गात बस. कुठल्याही एका वर्गात, मागच्या बाकावर, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. बाकी काय बघायचं राहिलं तरी चालेल, हे राहिलं तर तू पुण्याला जाऊन आलीस असं मी धरणार नाही.

शनिवारचा जो कार्यक्रम त्यांनी कळवलाय तो मी वाचला. सकाळी स्वागत, मग कॅम्पस दाखवणार, जेवण, मग डीनचं भाषण, मग सीनियर पोरांशी गप्पा, चार वाजता चहा. ह्यात वर्ग कुठं आहे? शनिवारी वर्ग नसतातच. त्यात त्यांची चूक काही नाही, पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पण घर आवरतोच की. पण तू पाहुणी म्हणून चार वर्षं राहणार नाहीस. पप्पांनी रविवारी सकाळच्या परतीच्या एसटीचं ठरवलंय ते बदलायला लाव. कोथरूडला मावशी आहे ना, रविवारी तिच्याकडं राहा आणि सोमवारी सकाळी परत कॉलेजला जा. आजच मेल टाक, सरळ लिही की मला ॲडमिशन मिळालंय आणि सोमवारी मला फर्स्ट इयरच्या दोन तासांना मागं बसायचं आहे, एक गणिताचा किंवा सायन्सचा आणि एक इतिहास नाहीतर साहित्याचा. हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर का नाही ते विचार. आणि हे आत्ताच कर, एप्रिल संपत आला की त्यांची परीक्षा लागते, मग वर्ग रिकामे आणि तुला बघायला नुसत्या भिंती.

आमच्या धंद्यातलं सांगतो म्हणजे पटेल. गूळ बाहेरनं पिवळाधमक दिसला की नवखं गिऱ्हाईक लगेच भुलतं. रस उकळायच्या काहिलीत हायड्रॉस पावडर जास्त मारली की असा रंग येतो आणि काही दिवसांत तो उतरतो पण. जुना व्यापारी रंगाकडं बघून सौदा करत नाही, रवा म्हणजे गुळाची ढेप फोडतो, आतली कणी बघतो, तुकडा जिभेवर ठेवतो, खारट लागतोय का बघतो. पस्तीस वर्षं झाली मला ह्या पेढीवर, कागदात गुंडाळलेला रवा न फोडता घेतला आणि फसलो असं पहिल्या दोन वर्षांत झालं, नंतर नाही. कॉलेजचा रवा म्हणजे वर्ग. तो फोड.

आता वर्गात बसून काय बघायचं ते सांगतो, नाहीतर तू तिथंही भिंतीवरची पोस्टरं बघत बसशील. पोरं बोलतात का ते बघ. नुसती "येस मॅम" वाली नव्हे, मास्तरांच्या म्हणण्यावर "पण असं कसं" म्हणणारं एखादं पोरगं आहे का, आणि ते तसं म्हणालं की मास्तरांचं तोंड कसं होतं ते बघ. चिडले? की खुर्ची पुढं ओढून बसले? मास्तरांना पोरांची नावं येतात का बघ. पोरांनी घरनं काही वाचून आणलंय का, पुस्तकात रेघा मारल्यात का, की सगळी लॅपटॉप उघडून दुसरंच काहीतरी करतायत. मास्तर कधी "मला हे माहीत नाही, बघून सांगतो" म्हणाले तर ते मला येऊन सांग, माझ्या लेखी त्याला लई किंमत आहे. आणि तास संपल्यावर लगेच उठू नको. दोन मिनिटं थांब आणि बघ किती पोरं दारात मास्तरांना गाठून बोलतायत. तास संपल्या संपल्या सगळी पोरं बाहेर पळाली तर त्यातनं काय समजायचं ते तुला समजतंय.

मग त्यातल्या एखाद्या पोरीला गाठ. ती टी-शर्टवाली गाईड नको, वर्गात मागं गप्प बसलेली एखादी शोध. तिला विचार, शेवटचा निबंध लिहिलास तो तपासून परत मिळाला का, त्यावर मास्तरांनी काय लिहिलं होतं, तो परत लिहायला लावला का. तुला जो कोर्स हवा होता तो मिळाला की सीट भरल्या म्हणून दुसरा गळ्यात पडला. आठवड्याला किती पानं वाचायला लागतात. तिच्या बॅचमधलं कोण सोडून गेलं आणि का. ती जे सांगेल ते वहीत लिहून घे, मोबाईलमध्ये नको, मोबाईल काढलास की समोरचं माणूस सावध होतं.

तुझ्या मामाचं ते "आर्ट्सला जायचं तर पुण्याला कशाला, चित्रकला इथं पण शिकवतात" हे मी दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा गप्प बसलो. तुझ्या मनात त्यावरनं खोट नको म्हणून सांगतो. लिबरल हा शब्द लॅटिन लिबरवरनं आला, लिबर म्हणजे मोकळा, कुणाचा गुलाम नसलेला. मोकळ्या माणसाला जे यायलाच पाहिजे ते लिबरल आर्ट्स. युरोपात मध्ययुगात त्यात सात विषय धरायचे, व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोलशास्त्र हे चार. मोज की, निम्म्याहून जास्त गणिताच्या घरातले आहेत, संगीत पण ते आकड्यांच्या अंगानंच शिकवायचे. चित्रकला त्यात नव्हतीच. तुला फिजिक्स सोडावंसं वाटत नाही आणि मराठी कविता पण सोडावीशी वाटत नाही म्हणून तू घरच्यांची बोलणी खातेस, पण ही जोडी काही जगावेगळी नाही. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. वडील गणिती, आई संस्कृतच्या विदुषी. आकाशाचं गणित करता करता माणसानं मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. एका घरात दोन्ही मावलं.

आणि आता तर नियमच बदललेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची डिग्री आणली, मेजर मायनर म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय आणलं, एक वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चार केलीत तर ऑनर्स. कागदावर हे आता बऱ्याच ठिकाणी आहे, इथं कोल्हापुरातही आहे. म्हणून तर सांगतोय की कागद वाचून तुला फरक कळणार नाही. सोनीपतचं अशोका घे, पुण्याचं फ्लेम घे, नाहीतर आपलं इथलं कुठलंही कॉलेज घे, सगळ्यांच्या माहितीपत्रकात "क्रिटिकल थिंकिंग" हे शब्द सापडतील. तो विचार वर्गात होतोय का, हे वर्गात बसलेल्यालाच दिसतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण ते पप्पा बघतील. स्कॉलरशिप मिळालीय म्हणालीस, ती चारही वर्षं आहे की पहिल्या वर्षापुरती, किती मार्कांच्या खाली गेलं की काढून घेतात, दरवर्षी फी किती वाढते, मेस आणि हॉस्टेल धरून आकडा किती, हे तोंडी ऐकून येऊ नका, मेलवर लेखी घ्या. पप्पा भिडस्त आहेत, ते विचारणार नाहीत, तूच विचार.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, जी तू काल जाता जाता हळूच सांगितलीस. कॉलेजच्या त्या ऑनलाईन मीटिंगमध्ये तू "सॉरी, मी उशिरा आलो" म्हणालीस आणि दोघी तिघी हसल्या, एकीनं विचारलं की तू मुलगा आहेस का. आणि तेव्हापासनं तू "काका, मी लई घाबरलो" म्हणतेस. अगं, तुझी आजी मी आलो म्हणायची, आई म्हणते, माझ्या दोन्ही पोरी म्हणतात. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, त्यात चूक दुरुस्त करायसारखं काय आहे? त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आता ऐकलं. तू जर तिथं जाऊन चार दिवसांत "मी आले, मी गेले" करायला लागलीस तर मला वाईट वाटेल हे आत्ताच सांगून ठेवतो. इंग्रजीची भीती वाटते हे समजू शकतो, इंग्रजी येतं वर्षभरात, वाचायला लागलीस की येतं. पण कुणीतरी हसलं एवढ्यावरनं चार वर्षांचा निर्णय करायचा? हे मला सहन होत नाही, खरंच होत नाही, आणि का होत नाही ते पण सांगतो.

१९८८ ला मी बारावी झालो. पुण्याच्या एका जुन्या दगडी कॉलेजात माझं नाव लागलं होतं. वडील आणि मी रात्रीच्या एसटीनं गेलो, पहाटे स्वारगेटला उतरलो, तिथनं चालत. वडील आवारातल्या एका झाडाखाली पिशवी घेऊन बसले आणि म्हणाले जा, बघून ये तुझं तू. मी सगळं बघितलं. लायब्ररी बघितली, दगडी जिने बघितले, नोटीस बोर्ड वाचला. मग एका वर्गाच्या दारापर्यंत गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत मास्तरांनी काहीतरी विचारलं, एका पोरीनं धडाधड इंग्रजीत उत्तर दिलं आणि अख्खा वर्ग हसला. मला हसले नव्हते, मी तर त्यांना दिसलो पण नव्हतो. तरी मी मागं फिरलो. झाडाखाली येऊन वडिलांना म्हणालो, काय खास नाही, आपलं कोल्हापूर बरं.

घरी सगळ्यांना मी आजवर सांगत आलो की वडिलांची तब्येत, पेढीला माणूस नव्हतं, धाकट्या बहिणीचं लग्न. हे सगळं होतं, खोटं नाही त्यात काही. पेढी मी सांभाळली नसती तर बुडाली असती हे मार्केटमधलं कुणीही सांगेल. बी.कॉम. मी इथं केलं, बहिणीचं लग्न नीट झालं, दोन्ही पोरींना हवं ते शिकवलं, शेतकऱ्याचा एक पैसा कधी बुडवला नाही. तोट्यात गेलो असं कुणी म्हणणार नाही, मी पण म्हणत नाही. वाचन पण सोडलं नाही, करवीर नगर वाचन मंदिरातनं पुस्तक आणायचं अजून चुकत नाही. पण वडिलांची तब्येत बिघडली ती १९९० ला, आणि मी त्या दारातनं मागं फिरलो ते १९८८ ला. ही दोन वर्षं मी हिशोबात कधी धरलीच नाहीत. काल तू घाबरलो म्हणालीस तेव्हा पहिल्यांदा धरली.

आत गेलो असतो तर कदाचित तो मास्तर टुकार निघाला असता. कदाचित मी खरंच "काय खास नाही" म्हणून परत आलो असतो आणि मग ते खरं असतं. मला आवडलं नाही म्हणून सोडलं, ह्याचं दुःख होत नाही ग. पण मला माहीतच नाही आत काय चाललं होतं. ती पोरगी काय म्हणाली ज्यावर सगळे हसले, कुठला विषय होता, ते सुद्धा माहीत नाही.

म्हणून सांगतो, आत जाऊन बस. एवढंच. आवडलं नाही तर ये परत, इथं कॉलेजं आहेत, सीईटी पण दे, इंजिनिअरिंगला गेलीस तरी माझं काही म्हणणं नाही. तुझे पप्पा तुला लांब पाठवायला कचरतात त्यांना मी बोलतो, ह्या गावानं लांबनं आलेली पोरं सव्वाशे वर्षं सांभाळलीत, शाहू महाराजांनी १९०१ ला पहिलं बोर्डिंग काढलं तेव्हापासनं, तेव्हा घर सोडून शिकणं हे कोल्हापूरला नवीन नाही. ते माझ्यावर सोड. पण दारातनं परत आलीस आणि मला "काय खास नाही काका" म्हणालीस तर मी विचारणार, कुठल्या तासाला बसलीस? आणि तुला उत्तर द्यायला लागेल.

सोमवारी दहाच्या आत पोच, मावशीकडनं लवकर निघ, पुण्यातलं ट्रॅफिक सकाळी बेकार असतं. पन्नास पानी वही आणि दोन पेनं घे. त्या सीनियर पोरीसाठी पाव किलोची गुळाची ढेप दुकानातनं घेऊन जा, मी बाजूला काढून ठेवतो, बिनपावडरचा आहे, रंगानं काळपट दिसेल, तिला सांग तसं. मंगळवारी आलीस की दुकानावर ये, नऊ वाजता उघडतं. कॅम्पस कसा आहे ते पप्पांना सांग, मला त्या तासाला काय शिकवलं ते पहिल्यापासनं सांग.

तुझा काका