स्थलांतरित म्हणून अमेरिकेत गेलेला एखादा कॅथलिक बिशप पुढे संत ठरला आहे का?

हो, जॉन न्यूमन. जन्म १८११, बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात). तिथे धर्मगुरू जास्त झाले म्हणून बिशपांनी नव्या दीक्षाच थांबवल्या. हा पठ्ठ्या १८३६ मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि त्याच महिन्यात त्याला दीक्षा मिळाली. नायगाराजवळच्या जंगलवस्त्यांत त्याने पायपीट केली. १८५२ मध्ये तो फिलाडेल्फियाचा बिशप झाला. शाळा भरपूर काढल्या, पण मला सर्वांत भिडते ती एक गोष्ट: इंग्रजी न येणाऱ्या आयरिश लोकांना पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, करता यावं, म्हणून तो त्यांची गेलिक भाषा शिकला. बिशपपदावर असून! १८६० च्या जानेवारीत, अवघ्या ४८ व्या वर्षी, तो भर रस्त्यात कोसळून वारला. संतपद १९७७ मध्ये मिळालं.