रत्नागिरीहून दुबईतल्या मुलाशी स्वस्तात कसे बोलावे? व्हॉट्सॲप कॉल लागतो, पण आवाज येत नाही.

दोघांच्याही मोबाइलवर बोटिम किंवा झूम ही तिथे परवानगी असलेली कॉलची ॲप घ्यावीत आणि हे न जमल्यास रिचार्ज करून घेता येणारा आयएसडी पॅक (परदेशी कॉलसाठीचा पॅक) वापरावा, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून कॉल करण्याची सेवा केवळ परवानगी मिळालेल्या ॲपनाच देता येते. म्हणून व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ध्वनिमुद्रित निरोप व्यवस्थित पोहोचतात, मात्र कॉल अडतो, आणि दोघांपैकी एक जण जरी तिथे असला तरी तो अडतोच, त्यामुळे तुमचा फोन बदलून काही उपयोग नाही. (रोजच्या ख्यालीखुशालीला ध्वनिमुद्रित निरोप पुरतो, असे माझे मत आहे.) आयएसडी कॉल लावताना तिथल्या ०५० ने सुरू होणाऱ्या क्रमांकातले पहिले शून्य गाळून +९७१ ५० असा क्रमांक लावावा, पॅक न घेता लावलेला कॉल मिनिटागणिक महाग पडतो. व्हीपीएनचा (इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणाऱ्या सेवेचा) सल्ला अनेक जण देतात, परंतु बंदी चुकवण्यासाठी त्याचा वापर केल्यास २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार किमान ५ लाख दिरहम दंड होऊ शकतो आणि तो मुलाला भरावा लागेल.