काळ्या डोक्याचा जे पक्षी धोक्यात आहे का? मराठवाड्यात तो दिसतो का?

उत्तराखंडात पाहिलेला काळ्या डोक्याचा जे नामशेष व्हायला आलाय का, आणि आपल्याकडं तो कुठं दिसेल, असं तुम्ही विचारलंय.

आपल्याकडं नाही दिसणार. पूर्व अफगाणिस्तानापासून हिमालयाच्या उतारांवरून नेपाळच्याही पुढं, हा त्याचा मुलूख. मी किनवटचा. आमच्या सागवानात कावळ्याच्या याच कुळातला टकाचोर आहे, तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा. गौताळा अभयारण्यातही तो भेटेल.

आता धोक्याचं. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत काळ्या डोक्याचा जे सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. पण ही यादी जगभरातली अख्खी जात बघते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान ३० टक्के घटली, तर जात 'असुरक्षित' ठरू शकते. एखाद्या दरीतून पक्षी पार गेला तरी यादीतली ओळ तशीच राहते. म्हणून नुसत्या त्या शब्दांवर निर्धास्त होणं मला पटत नाही.

खरोखर अडचणीत आहे तो सिचुआन जे. पश्चिम चीनच्या उंच डोंगरांतल्या सूचिपर्णी जंगलातला हा करडा पक्षी 'असुरक्षित' गटात आहे. लाकडासाठी ती जंगलं कित्येक वर्षं तुटत गेली. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीननं तिथली तोड थांबवली, पण जुनं जंगल तोडायला लागतो तेवढ्या वेळात परत उभं राहत नाही.

आपल्या हिमालयात मला काळजी वाटते ती बांजची, म्हणजे तिथल्या ओकची. काळ्या डोक्याचा जे त्याची फळं खातो, पुढच्या दिवसांसाठी पुरून ठेवतो, आणि विसरलेल्या फळांतून रोपं उगवतात. चारा आणि सरपणासाठी बांज सतत छाटला जातो. मोकळ्या झालेल्या जागी चीड, म्हणजे तिथला पाइन, शिरतो, आणि त्याच्या राळेनं भरलेल्या सुया उन्हाळ्यात भडकन पेटतात. पक्ष्याची चौकशी करायची तर आधी या झाडाची करा.

एक काम मात्र नक्की करा. तुम्ही पाहिलेल्या जेची जागा आणि तारीख ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात भारतातल्या ९४२ जातींचा आढावा घेतला, तो अशाच हौशी लोकांच्या नोंदींवर. इकडं टकाचोर दिसला तर तोही टाका. पुण्या-मुंबईच्या मानानं आपल्या भागातून नोंदी फारच थोड्या जातात.