गोलपोस्टमधून : पहिला नंबर कुणाचा?

गेल्या अंकात ओघात लिहून गेलो की, २०२४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं पारितोषिक, मँचेस्टर सिटीच्या मिडफिल्डर रॉड्रीला मिळाला ते योग्यच झालं. त्या एका वाक्यावर सतरा पत्रं आली. ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला होता तेव्हा दोन आली होती, त्यातलं एक शुद्धलेखनाबद्दल. म्हणून हा अख्खा अंक नंबर लावण्याच्या भांडणालाच दिला.

काका, आमच्या कट्ट्यावर आठ जण रियल माद्रिदचे आणि मी एकटा सिटीचा. ते म्हणतात, आमच्या विनिशियसनं चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गोल मारला, वर हॅट्ट्रिक केली, आणि रॉड्रीनं काय केलं तर आडवे पास दिले. चोरी झाली म्हणतात. हरेल त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची ठरलंय. निकाल द्या.
— अकरावीतला एक वाचक, कोल्हापूर

लेका, आधी ती हॅट्ट्रिक बाजूला काढ. डॉर्टमुंडविरुद्धची ना? ती २२ ऑक्टोबर २०२४ ची. पारितोषिक होतं जुलैअखेर संपलेल्या हंगामाचं. ऑक्टोबरातली हॅट्ट्रिक त्यात धरायची म्हणजे यंदाच्या पेपराला पुढच्या वर्षीचे मार्क मागण्यासारखं झालं. डॉर्टमुंडविरुद्धच्या फायनलमधला गोल मात्र खरा, तो मोजायचाच.

आता चोरीचं बघू. फिफाच्या यादीतल्या पहिल्या शंभर देशांतला एकेक पत्रकार मत देतो. प्रत्येकानं दहा नावं लिहायची. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, असे उतरत जातात. रॉड्रीला ११७० मिळाले आणि विनिशियसला ११२९. फरक ४१ चा. म्हणजे ज्यांनी रॉड्री पहिला आणि विनिशियस दुसरा लिहिला, त्यातल्या फक्त सात जणांनी नावं उलटी लिहिली असती तर विनिशियस एका गुणानं जिंकला असता. इतकं ते काठावरचं होतं. आणि तिसरा कोण? बेलिंगहॅम. चौथा? कार्वाहाल. दोघंही माद्रिदचेच. एकाच घरातले तिघं निवडणुकीला उभे राहिले की काय होतं ते आपल्याकडं ग्रामपंचायतीत बघितलंयस. माद्रिदवाले रुसून पॅरिसला गेलेच नाहीत, पण त्यांची मतं कुणी पळवली नव्हती. घरातच वाटली गेली.

राहिले आडवे पास. इथं मला जरा मागं जाऊ दे.

मी अठरा वर्षं शाहू स्टेडियमवर गोलकीपर म्हणून उभा राहिलो. आमच्या पुढं सेंटर हाफला एक जण खेळायचा. उद्यमनगरात लेथवर काम करायचा. पळण्यात मध्यम, हेडरला कच्चा, आणि गोल म्हणशील तर माझ्या आठवणीत दोन, त्यातला एक आमच्यावरच. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव जाड टायपात यायचं. याचं नाव संघाच्या यादीत आलं तर आलं, तेही कधी चुकीचं. त्याला सेकंड शिफ्ट लागली की तो मॅचला नसायचा, आणि त्या दिवशी माझा घसा बसायचा. कारण तो नसला की मला ओरडावं लागे. 'डावा मोकळा हाय!', 'मागं बघ!', 'लाईन सोडू नको!' तो असला की नव्वद मिनिटांत मी चार वेळा तोंड उघडत असेन. मी घरी आलो की आई निकाल विचारायची नाही. माझा आवाज ऐकायची आणि मिठाच्या गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवायची.

रॉड्री असा आहे. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये सिटी तीन मॅच हरली. वुल्व्हज, आर्सेनल, ॲस्टन व्हिला. तिन्हींत रॉड्री नव्हता, कार्डांमुळं बाहेर होता. पुढच्या सप्टेंबरात आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. २८ ऑक्टोबरला तो कुबड्या घेऊन पारितोषिक घ्यायला आला, आणि ३० ऑक्टोबरपासून सिटी ओळीनं पाच मॅच हरली. सहावीत फेयेनूर्डविरुद्ध ३-० पुढं असताना ३-३ झालं. हे त्या पारितोषिकाच्या हिशेबात येत नाही, मला मान्य आहे. मीच वर तुला तारखेचा नियम सांगितलाय. पण आमच्या पेठेत हे बघून कुणाला नवल वाटलं नाही.

पुढच्या मॅचला एक कर. बॉल कुठंही असू दे, तू त्याच्या मानेकडं बघ. बॉल त्याच्याकडं यायच्या आधी मान डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. पाय लागेपर्यंत पुढचा पास ठरलेला असतो. मी एकदा पेपरच्या कोऱ्या काठावर पेन्सिलीनं रेघा मारत बसलो होतो. दहा मिनिटांत काठ संपला. कॅमेरा बॉलमागं पळतो म्हणून यातलं निम्मंही टीव्हीवर दिसत नाही. त्या आठ जणांना ते 'आडवा पास' दिसतं. त्याच आडव्या पासनं समोरचे तिघं चुकीच्या बाजूला गेलेले असतात.

तुझ्या कट्ट्यावर एखादा हुशार असेल तर तो म्हणेल, युरोपातल्या देशांच्या युरो २०२४ स्पर्धेच्या फायनलला रॉड्री हाफटाइमलाच दुखापतीनं बाहेर गेला, झुबिमेंडी आला, तरी स्पेन २-१ नं जिंकलंच की. बरोबर आहे. माझी घशाची मोजपट्टी तिथं तोकडी पडते. बाकावर तसाच दुसरा बसला असेल तर पहिल्याची उणीव दिसत नाही. तरी त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रॉड्रीच ठरला, आणि मीही त्यालाच मत दिलं असतं.

तेव्हा निकाल तुझ्या बाजूनं. पण आठ जणांकडून आठ प्लेट घेऊ नकोस. विनिशियसही काठावरच होता. एक प्लेट घे, कट जास्त माग.

सर, घरात नवरा मेस्सीचा, मुलगा रोनाल्डोचा. वर्ल्ड कपच्या वेळी दोन दिवस बोलणं बंद होतं. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. एकदाच काय ते सांगा, म्हणजे मी दोघांना वाचून दाखवीन.
— एक वाचक, डोंबिवली

ताई, मेस्सी. मुलाला समजावताना 'आठ विरुद्ध पाच' हे मात्र सांगू नका. मेस्सीला आठ बॅलन डी'ओर आणि रोनाल्डोला पाच, हे त्याला झोपेतसुद्धा पाठ असेल, आणि त्याचं उत्तरही त्याच्याकडं तयार असेल. खरं सांगायचं तर त्या आठातला एक मीच काढून घेईन, २०१० चा. त्या वर्षी वेस्ली स्नायडर इटलीच्या इंटर मिलानकडून लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिन्ही जिंकला आणि हॉलंडला घेऊन वर्ल्ड कपच्या फायनलला गेला. आला कितवा? चौथा. त्याच वर्षापासून पत्रकारांच्या बरोबरीनं सगळ्या देशांचे कप्तान आणि कोचही मत द्यायला लागले होते. नुसत्या पत्रकारांची मतं मोजली असती तर स्नायडर जिंकला असता. कप्तान मंडळी खेळतात चांगलं, पण दुसऱ्याची मॅच बघायला त्यांना वेळ कुठला? ओळखीचं नाव दिसलं की लिहून मोकळे. २०१६ पासून कारभार परत पत्रकारांकडं आला.

मेस्सी पहिला का, तर रोनाल्डोला गोल मारायला दुसऱ्यानं बॉल आणून द्यावा लागतो, मेस्सी तो स्वतः आणतो. मुलगा रागावला तर सांगा, हेडरमध्ये रोनाल्डोच्या जवळपास मेस्सी नाही. त्यावर बहुतेक बोलणं सुरू होईल.

या याद्यांत गोलकीपर कधीच वर का नसतो? तुम्ही स्वतः गोलकीपर, तरी यावर लिहीत नाही, याचं आश्चर्य वाटतं. आमच्या गोव्याच्या गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांना बघत मी मोठा झालो.
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, मडगाव

लिहीत नाही, कारण लिहायला लागलो की थांबत नाही.

१९५६ पासून हा सोन्याचा बॉल देतात. एवढ्या वर्षांत गोलकीपर एकच, लेव्ह याशिन, १९६३. बचावपटूही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बेकेनबाउअर दोनदा, मग झामर, मग २००६ ला कानाव्हारो. त्या वर्षी गोलकीपर बुफॉन दुसरा आला. २०१९ ला बचावपटू व्हॅन डाइकचा ६७९ विरुद्ध ६८६ असा सात गुणांनी पाडाव झाला, मेस्सीसमोर. त्याच वर्षापासून गोलकीपरांसाठी याशिनच्या नावानं वेगळं पारितोषिक सुरू केलं. लोक म्हणतात सन्मान झाला. मला ती वेगळी पंगत वाटते. जेवण तेच, पण बसायचं पडवीत.

२०२२ च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. लुसैल, ३-३, एक्स्ट्रा टाइमही संपून वरची मिनिटं चाललेली. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा सुटला. समोर अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ. अशा वेळी शंभरातले नव्वद गोलकीपर आडवे पडतात. मीही पडायचो, कारण पडलं की निदान प्रयत्न केल्यासारखं दिसतं. हा पडला नाही. पुढं सरकला, दोन्ही हात फाकले, अंग मोठं केलं आणि डावा पाय असा ताणला की बॉल त्यावर आदळून बाहेर. मी सोफ्यावर बसल्या बसल्या पाय ताणला आणि टीपॉयवरचा चहा सांडला. तो पाय चार बोटं इकडं तिकडं असता तर मेस्सीच्या हातात वर्ल्ड कप नसता. त्या हंगामाचा बॅलन डी'ओर मेस्सीला मिळाला. मार्टिनेझ त्या यादीत पंधरावा.

पंधरावा! मोरोक्कोचा बोनो तेरावा होता, तो गोलकीपरांत पहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं स्पेनला पेनल्टींत घरी पाठवलं होतं. पण या दोघांच्या वर बारा जण बसतात म्हणजे मतं देणाऱ्यांनी मॅच फक्त एकाच टोकानं बघितली.

शंखवाळकरांना मी एकदाच समोर बघितलं, तेही लांबून, गॅलरीतून. कॉर्नरला ते बॉलकडं न बघता आधी माणसांकडं बघायचे. दुसऱ्या दिवशी सरावाला मी तेच करून बघितलं आणि बॉल नाकावर घेतला.

पेलेंना बॅलन डी'ओर एकदाही नाही, मग ही यादी मानायची कशी?
— एक वाचक, परभणी

१९९५ पर्यंत तो फक्त युरोपच्या खेळाडूंसाठी होता. नियम बदलला आणि त्याच वर्षी लायबेरियाच्या जॉर्ज वेआनं तो नेला. त्याआधी १९८६ ला मॅराडोनानं वर्ल्ड कप उचलला आणि बॅलन डी'ओर मिळाला सोव्हिएत संघाच्या इगोर बेलानोव्हला. पेलेंना पुढं सन्मान म्हणून एक दिला. उशिरा आलेल्या मनीऑर्डरीसारखा.

माझ्या बाबांच्या 'जगातले पहिले पंचवीस' यादीत एकही बाई नाही. मी कॉलेजच्या टीममधून मिडफिल्डला खेळते. तुमच्या यादीत आहे का?
— एक खेळाडू, पुणे

२०२३ पर्यंत नव्हती. खोटं कशाला बोलू? बायकांचा बॅलन डी'ओरच मुळी २०१८ ला सुरू झाला, म्हणजे आमच्यासारखे सगळीकडं आहेत. सिडनीतली वर्ल्ड कपची फायनल बघायला बसलो ते नातीनं रिमोट सोडला नाही म्हणून. स्पेन १, इंग्लंड ०. पहिल्या वीस मिनिटांत माझं लक्ष स्पेनच्या आइताना बोनमातीवर गेलं आणि तिथंच राहिलं. बॉल घेतानाच वळते, म्हणजे घेणं आणि वळणं या दोन गोष्टी नसतातच तिच्याकडं. २०२३, २०२४, २०२५ असे ओळीनं तीन बॅलन डी'ओर तिच्याकडं आहेत. शेवटच्या वर्षी तर युरोच्या तोंडावर मेंदूज्वरानं दवाखान्यात होती, आणि सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये गोल तिचाच. अवघड कोनातून, गोलकीपर आणि पोस्टच्या मधल्या फटीतून. गोलकीपर म्हणून सांगतो, तो गोल जर्मन पोरीच्या खात्यावर जायला हवा, जवळचा पोस्ट उघडा सोडायचा नसतो. पण ती फट दिसायला डोळा लागतो. फायनलला मात्र पेनल्टी चुकली तिची.

माझ्या यादीत ती आज पहिल्या दहात आहे. बाबांना फायनल नको, ही सेमीफायनल दाखव.

भारतातला आजवरचा पहिला नंबर? छेत्री की भुतिया?
— तीन वाचकांनी विचारलं, सोलापूर, नाशिक आणि ठाणे

गोलांच्या हिशेबानं छेत्री, त्यात वाद नाही, देशासाठी नव्वदच्या वर गोल आहेत. पण तुम्ही दोनच नावं दिलीत आणि दोन्ही गोल मारणाऱ्यांची. मला जर्नेलसिंग हवा. १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धा. मूळचा बचावपटू, डोक्याला जखम झालेली, टाके पडलेले. कोच रहीमसाहेबांनी त्याला मागं ठेवायचं सोडून पुढं फॉरवर्डला घातला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध २-१, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याचा. त्या मॅचची चित्रफीत मी बघितलेली नाही, ऐकीव आणि वाचीव माहितीवर नंबर देतोय. हे माझ्या वरच्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध आहे. असू दे.

इतरांना नंबर देता, तर तुमच्या काळात कोल्हापुरात गोलकीपरांमध्ये तुमचा कितवा?
— एक वाचक, इचलकरंजी

कोल्हापुरातलं सोडा, पेठेतला सांगतो. दुसरा. पहिला रोज सकाळी गांधी मैदानात फिरायला येतो, आणि हे मासिक त्याच्या घरी येतं.